समुद्रातील दुष्काळाची आणेवारी

मृग कोरडा गेला की गुलमंडीतील कापड दुकानदारास पुढच्या लग्नसराईचा अंदाज आपोआप येतो. पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर बस्ता निम्म्यावर येणार, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. १९७२ चा दुष्काळ तर या शहराने डोळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, पेरूच्या किनाऱ्यावरही एक दुष्काळ पडला होता. तेथे आटले ते पाणी नव्हे, मासे.

पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या खोल थरांतील थंड, सकस पाणी वर येते; त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर अँचोव्ही हा लहान मासा पोसला जातो. एल निनोच्या वर्षी उष्ण पाण्याचा थर पसरतो व खालचे अन्न वर पोहोचत नाही. १९७० साली १ कोटी २० लाख टनांच्या घरात असलेली तेथील पकड १९७३ साली २० लाख टनांच्याही खाली गेली. कोंबडीखाद्यासाठी लागणारी मासळीची भुकटी दुर्मिळ झाली आणि तिची जागा घेणारे सोयाबीन जगभर महागले. आपल्याकडील त्या वर्षीच्या अवर्षणाशीही याच एल निनोचा संबंध जोडला जातो. अर्थात सारा दोष समुद्रावर ढकलणे अन्यायाचे होईल. तेथील कारखानदारीने आधीची काही वर्षे मासा बेसुमार उपसला होता.

आपला पश्चिम किनाराही अशाच उलाढालीवर जगतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात तो उलटतो. पावसाळी वाऱ्यांनी वर येणारे पाणी अन्न आणते, परंतु त्यात प्राणवायू कमी असतो. तो फारच घटला की मासे तेथून हटतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटासमोर रापण ओढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या या लहरीवर संसार करीत आले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे. मिळेल त्यात प्रत्येकाचा वाटा. यांत्रिक नौका बांगड्याच्या मागे खोल पाण्यात जाऊ शकते. रापणीला मात्र बांगडा, तारली दारात यावी लागते. न आली तर वाटा कशाचा घालायचा?

केरळात २०१२ साली तारलीची पकड सुमारे ४ लाख टन होती. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली. महाराष्ट्राची एकूण सागरी पकड २०१९ मध्ये २.०१ लाख टन, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांक होती. (त्या वर्षी क्यार व महा या वादळांनी नौका बंदरात अडकून पडल्या होत्या, हेही विसरता कामा नये.)

शेतात असे झाले असते तर तलाठी पाहणीला आला असता, आणेवारी लागली असती, पन्नास पैशांच्या आत गेलेल्या गावाला निदान सवलती मागता आल्या असत्या. समुद्राला आणेवारी नाही. मच्छीमार ‘मत्स्यदुष्काळ’ जाहीर करा म्हणतात तेव्हा तो किती पैशांचा, हे सांगणारे मापच नसते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत त्याचा उपयोग आहेच. पण शेतीचा दर्जा द्यायचा आणि शेतीचे माप द्यायचे नाही, ही अर्धवट वाटणी झाली.

प्रवाहाने नेलेला मासा कोणता आणि पर्ससीन जाळ्यांनी उपसलेला कोणता, हे कसे ओळखायचे, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप खरा आहे. नाहीतर ज्याने समुद्र ओरबाडला त्यालाच भरपाई मिळायची. परंतु बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची जातवार नोंद केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था दीर्घकाळ ठेवीत आहे. समुद्राच्या तापमानाची माहिती हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राकडे रोज जमते. प्रत्येक फेरीमागची पकड आणि पाण्याचे तापमान शेजारी शेजारी मांडले तर तालुकावार ढोबळ आणेवारी ठरविणे अशक्य नाही. शेतातली आणेवारी तरी कुठे काटेकोर असते! आरंभ रापणीपासून करावा. ती मासळीचा पाठलाग करीत नाही, त्यामुळे किनाऱ्याला मासा आला की नाही याची तिच्याइतकी सरळ साक्ष दुसरी मिळणार नाही.