शिक्षकांचा शिक्षक

शाळेची पारख करताना आपण बहुधा इमारत, निकाल व शिस्त पाहतो. मुख्याध्यापक आपल्या सहकारी शिक्षकांसाठी काय करतात, हे क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः शिक्षकाचे कौशल्य वाढते की खुंटते, हे पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.

नवा शिक्षक विषय जाणतो; परंतु मुले नेमकी कोठे अडतात, हे त्याला वर्गातच शिकावे लागते. समजा, ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असता अर्ध्या वर्गाने ३५ असे उत्तर लिहिले. शिक्षकाला वाटते, मुलांचे लक्ष नाही. मागच्या बाकावर बसलेले मुख्याध्यापक वह्या चाळतात आणि त्यांच्या ध्यानी येते की, मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहेत. तास संपल्यावर ते शिक्षकाला एकांतात हे दाखवितात व दहा-दहा काड्यांच्या जुड्या घेऊन दशक सुटा करून दाखवावा, असे सुचवितात. दुसऱ्या दिवशीचा पाठ निराळा होतो. हेच मुख्याध्यापक केवळ दोष टिपण्यासाठी आले असते, तर शिक्षकाने आपली अडचण लपविलीच असती.

असे सर्वत्र घडत नाही, याचे एक कारण सवडीचा अभाव हे होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी मुख्याध्यापकाची स्वतंत्र तरतूद आहे ती दीडशेहून अधिक मुले असतील तरच. लहान शाळेत बहुधा एखादा शिक्षकच आपले वर्ग सांभाळून तो भार वाहतो. अशा शाळांनी एकमेकींना आधार द्यावा, म्हणून १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिचा पुनरुच्चार केला. शिक्षक व मुख्याध्यापक या दोघांनीही वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी या धोरणाची अपेक्षा आहे. मात्र शिबिरात ऐकलेले वर्गात उतरावयाचे, तर तेथे हात देणारे कोणी असावे लागते.

येथे पालकांचेही कर्तव्य आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढील बैठकीत भिंतींच्या रंगाबरोबरच एवढेही विचारावे: मुख्याध्यापकांना वर्गात बसावयास वेळ मिळतो काय? मिळत नसेल, तर त्यांचे कोणते काम हलके करता येईल?