तंजावरचे मराठी दप्तर

दक्षिणेतील राजनगरी पाहावयास निघालेला मराठी प्रवासी बहुधा म्हैसूरचा राजवाडा, मदुरेचे मीनाक्षी मंदिर आणि हंपीचे अवशेष एवढी नावे मनाशी धरून घर सोडतो. तंजावर वाटेत लागलेच, तर मोठे देऊळ पाहावे आणि रामेश्वराची गाडी गाठावी, एवढाच त्याचा बेत असतो. वास्तविक या नगरीत मराठ्यांनी सुमारे एकशे ऐंशी वर्षे राज्य केले. तेथील देवळाच्या भिंतीवर मराठी अक्षरे कोरलेली आहेत आणि तेथील ग्रंथालयात मराठी पोथ्या व मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. ज्या नगरीत आपल्याच भाषेचे दप्तर आहे, ती नगरी दोन तासांत उरकून पुढे जाणे हे काही शहाणपणाचे नव्हे.

माळव्यातील मराठी माणसास तर तंजावर अधिक जवळचे वाटावयास हवे. इंदूर काय किंवा सिमरोल काय, येथे मराठी भाषा होळकरांच्या राज्याबरोबर आली. १९४८ साली ते राज्य मध्यभारतात विलीन झाले आणि भाषेचा राजाश्रय संपला. तंजावरवर तोच प्रसंग १८५५ साली गुदरला. शिवाय या दोन नगरींना जोडणारा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. १८७३ ते १८७५ या काळात तुकोजीराव होळकरांचे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, म्हणजे तंजावर प्रांतातील मराठी घराण्यातले. त्रावणकोरचा कारभार नावारूपास आणून ते इंदूरला आले आणि येथून पुढे बडोद्यास गेले. त्यांच्यामागून त्यांचे आप्त रघुनाथराव यांनीही इंदूरची दिवाणगिरी सांभाळली. राज्य बुडाल्यावरही तंजावरची मराठी कारभारी परंपरा जिवंत होती, हे यावरून दिसून येते.

तंजावरचा इतिहास तीन थरांचा आहे. पहिला थर चोळांचा. राजराज चोळाने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचे ग्रॅनाइटचे विमान साठ मीटरांहूनही उंच असून सपाट प्रदेशात ते फार दुरून दिसते. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात चोळांच्या काळची भित्तिचित्रे आहेत. त्यांवर पुढे नायकांनी आपली चित्रे काढविली होती. तो वरचा लेप सुटल्यावर खालची जुनी चित्रे १९३१ साली उजेडात आली. दुसरा थर या नायक राजांचा. सोळाव्या शतकात त्यांची सत्ता येथे स्थिर झाली. राजवाड्याचा पाया आणि ग्रंथसंग्रहाचा आरंभ हे त्यांचेच कर्तृत्व. तिसरा थर मराठ्यांचा. १६७५-७६ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांची स्वतंत्र शाखा स्थापन केली. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराजांची आणि त्यांची भेट कावेरीच्या खोऱ्यातच झाली.

नव्या राज्यकर्त्यांनी आधीचे दोन थर पुसून टाकले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देऊळ चोळांचे राहिले, वाडा नायकांचा राहिला. मराठ्यांनी त्यांत भर घातली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे स्वतः लेखक होते. त्यांच्या दरबारात तेलुगू काव्याला मान होता, संस्कृत पंडितांना आश्रय होता, प्रजेची भाषा तमिळ होती आणि राजघराण्याची मराठी. शहाजी राजांनी तेलुगूत रचना केल्या, त्याचप्रमाणे मराठीत नाटकेही लिहिली. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली. तंजावरच्या मराठी नाटकांचा आरंभ त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षांचा आहे.

परंतु तंजावरच्या मराठी राजांत ज्याचे नाव आजही त्या नगरीत आदराने घेतले जाते, तो राजा सत्ताधीश नव्हता. दुसरे सरफोजी यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांस दत्तक घेतले आणि त्यांच्या सांभाळाची जबाबदारी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपविली. गादीवर तुळजाजींचे बंधू अमरसिंह बसले आणि बालराजाचे दिवस कठीण झाले. तेव्हा श्वार्ट्झने त्याचे रक्षण केले आणि पुढे शिक्षणासाठी त्यास मद्रासेस पाठविण्यात आले. इंग्रजीबरोबरच युरोपातील शास्त्रांची गोडी त्यास याच काळात लागली. श्वार्ट्झ प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक होता. त्याचा शिष्य मात्र अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मातच राहिला आणि त्यामुळे दोघांच्या स्नेहात काडीचेही अंतर पडले नाही. १७९८ साली श्वार्ट्झ वारला. राजाने इंग्लंडमधील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूच्या भेटीस आलेला राजा त्यात दाखविला आहे. शिवगंगा तलावाजवळील चर्चमध्ये हे शिल्प आहे. ज्यांस शिक्षक आणि विद्यार्थी यांचे नाते समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी ते अवश्य पाहावे.

त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लक्ष होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. सैन्य नाही, न्यायनिवाडा नाही, वसुली नाही. अशा स्थितीत दुसरा एखादा राजा शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालविता. सरफोजींनी ग्रंथ जमविले. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस निघाले, तेव्हा वाटेत मिळालेल्या पोथ्या आणि त्यांच्या नकला संग्रहात दाखल झाल्या. युरोपातून त्यांनी छापील ग्रंथ मागविले. वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल उघडला. नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, अजूनही तंजावरात आहेत. वाड्यात देवनागरी छापखाना काढून त्यांनी इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापविले. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईने मूळ धरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

या सर्व उद्योगाची साक्ष म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. त्यात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते असून त्यांतील बहुसंख्य संस्कृत आहेत. तमिळ आणि तेलुगू पोथ्या आहेत, त्याचप्रमाणे सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. याखेरीज राजदरबाराच्या मोडी कागदपत्रांचे तेराशेंहून अधिक रुमाल आहेत. कोणास काय वेतन दिले, देवळास काय नेमणूक होती, औषधशाळेत काय खर्च झाला, असा दैनंदिन व्यवहार या कागदांत नोंदलेला आहे. १९१८ पासून हे ग्रंथालय सार्वजनिक आहे. सामान्य प्रवाशास त्याचे संग्रहालय पाहता येते. हस्तलिखितांचे भांडार अभ्यासकांसाठी राखलेले असते.

आता पुन्हा देवळाकडे वळले पाहिजे. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. भारतातील अतिशय विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. तो कोरविला सरफोजींनी, १८०३ साली. हे साल महत्त्वाचे आहे. तहास चार वर्षे होऊन गेली होती आणि राज्य हातचे गेले होते. राजराजाने ज्या देवळाच्या भिंतींवर आपली दाने कोरविली, त्याच देवळाच्या आवारात आठशे वर्षांनंतरच्या राजाने आपल्या पूर्वजांची हकीकत दगडाच्या स्वाधीन केली. सत्ता कागदावरच्या सहीने जाते. दगडावरचे अक्षर तितक्या सहजतेने जात नाही, हे त्याने ओळखले असावे.

सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ साली वारले. पुरुष वारस नाही या सबबीवर कंपनीने संस्थान खालसा केले आणि राजवाड्यासह खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. राज्य अशा रीतीने संपले. भाषा मात्र संपली नाही. मराठी कीर्तनाची पद्धत तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेत आणली. साकी, दिंडी आणि ओवी ही नावे आणि चाली त्या कथेत रूढ झाल्या. तंजावरी मराठी आजही तमिळनाडूतील काही घरांत बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे आणि आपल्याकडे विसरले गेलेले काही जुने शब्द तिने राखून ठेवले आहेत. त्या बोलीस हसण्यापूर्वी माळव्यातील मराठी माणसाने आपल्या बोलण्यातील हिंदीचा वाटा आठवावा.

तंजावरास जाऊ इच्छिणाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस निवडावेत. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्या भागात पाऊस असतो आणि उन्हाळा कडक असतो. तिरुचिरापल्लीहून तंजावर साठ किलोमीटरांच्या आत आहे. वेळांकणीच्या मातेच्या यात्रेस जाणाऱ्या वसई-मुंबईकडील ख्रिस्ती भाविकांनाही हे गाव वाटेतच पडते. देऊळ सकाळी लवकर पाहावे. दुपारी फरशी तापते, अनवाणी चालवत नाही आणि देऊळही काही तास बंद असते. वाडा, सरफोजींचा संगमरवरी पुतळा, चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आणि ग्रंथालयाचे संग्रहालय यांसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. चर्चही त्याच दिवशी पाहून होते.

एक तयारी मात्र घरीच करावयाची आहे. तंजावरच्या मोडी रुमालांतील काही कागद तेथील तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणले. तमिळ वाचकास आपल्या गावाचा इतिहास त्यांतून मिळाला. मराठी वाचकाला मात्र मोडी वाचता येत नसल्याने आपल्याच भाषेतील कागद परके झाले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक विरळ झाले. ही लिपी अवघड नाही. सायंकाळचा तासभर नियमाने दिला, तर काही महिन्यांत सोपे कागद लागू लागतात. सिमरोलला आज भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि देशाच्या सर्व भागांतील मुले तेथे शिकतात. इंदुरात अथवा तिच्या आसपास ज्या घरी आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत होळकरशाहीतील मोडी पत्रे पडून आहेत, तेथील एखाद्या मुलाने ती लिपी शिकून घेतली, तर तंजावरचे रुमाल त्यास उघडतीलच. परंतु पहिले पत्र तो आपल्याच घरचे वाचील.