घरी बसलेला आणि कामावर गेलेला

सन २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनच्या सरकारने काम थांबलेल्या नोकरांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांपर्यंत, आपल्या शिरावर घेतला. योजना चांगलीच, पण तिच्यामुळे सहकाऱ्यांत तेढ आली. तिचे मूळ आम्हांस एका अटीत दिसते. घरी बसविलेल्याने आपल्या मालकाचे नेमून दिलेले काम मुळीच करावयाचे नव्हते. साहजिकच त्याचा भार कामावरच्याच्या पाठीवर पडला, वर रोगाची धास्ती. त्याला वाटे, हा फुकटचा पगार खातो. घरी बसलेल्यास पाचवा हिस्सा बुडाल्याची चिंता. शिवाय आपल्यावाचून चालते हे मालकाने ताडले तर? कोणास बसवावयाचे हे बहुधा मालकच ठरवी. राग मात्र सहकाऱ्यावर निघे. १ जुलैपासून थोडे तास कामाची मुभा मिळाली, तेव्हा कोठे भार वाटून घेता येऊ लागला.