हँडल बदलले, हॉर्न रुसला

पाठ अवघडते म्हणून बाइकचे हँडल उंच करून घेणारे पुष्कळ असतात. हँडल दोन-तीन इंच वर आले की कंबर सरळ होते, मनगटावरचा भार हलका होतो. पाठीची तक्रार मिटते आणि गाडीची सुरू होते. हॉर्न वाजेनासा होतो, सेल्फ मारला तरी इंजिन ढिम्म, किंवा हँडल पूर्ण डावीकडे वळवले की चालू गाडी बंद पडते. मग आधी बॅटरीवर संशय जातो. ती बिचारी बहुधा निर्दोष असते.

हँडलवरच्या स्विचांच्या वायरी हेडलाइटच्या मागे मुख्य वायरिंगला जोडलेल्या असतात आणि त्यांची लांबी जुन्या हँडलच्या मापाची असते. उंच हँडलला त्या सरळ स्थितीत जेमतेम पुरतात, वळणावर ताणल्या जातात. आतले तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात, वरचे प्लास्टिक मात्र धडधाकट दिसते. ताण आला की तुटलेली टोके दूर होतात, ताण सुटला की पुन्हा टेकतात. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष सापडत नाही. मोकळ्या हवेत गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन चालू ठेवा आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ठरावीक जागी इंजिन अडखळले, तर किल स्विचच्या किंवा चावीच्या वायरी आधी तपासायच्या.

दुसरे कारण अगदी क्षुल्लक वाटते. अनेक स्विचच्या खोक्यांत आतून एक छोटी खुंटी असते आणि तिच्यासाठी मूळ हँडलला भोक असते. बाजारातल्या हँडलला ते असेलच असे नाही. तरीही स्क्रू आवळले, की खोके नीट मिटत नाही आणि वायर पाइपवर चिमटली जाते. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि हँडलही धातूचे. वायरीचे वेष्टन फाटले की विजेला थेट वाट मिळते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण वाटेत रोध जवळपास नसल्याने प्रवाह कितीतरी अँपिअरवर जातो आणि फ्यूज उडतो. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभाग आहेत. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला, तर उष्णता शंभरपट. मग फ्यूजऐवजी वायरिंग वितळते, आणि ते गेलेले असते पेट्रोलच्या टाकीखालून.

याच्या उलटही घडते. काही गाड्यांत हॉर्नच्या बटणाचे अर्थिंग हँडलमधूनच होते. नव्या हँडलवर जाड रंगाचा थर असेल तर ती वाट बंद होते. स्विच बसतो तिथला थोडा रंग खरवडला की हॉर्न वाजतो.

सैल जोडाचा परिणाम हेडलाइटवर दिसतो. ३५ वॅटच्या दिव्याच्या मार्गात फक्त एक ओहम जादा रोध आला, तरी दोन व्होल्टच्या वर तिथेच खर्ची पडतात आणि साध्या बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो.

सगळ्यात फसवी जागा पुढच्या ब्रेकची. लिव्हरखालचा छोटा स्विच हँडल बसवताना निसटतो. पायाचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, त्यामुळे चालवणाऱ्याला काही कळत नाही. हायवेवर रात्री फक्त हाताचा ब्रेक दाबला, तर मागच्या ट्रकला आपण थांबतोय याची खूणच मिळत नाही. त्यामुळे दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून दुसऱ्या कुणाला तरी मागे उभे राहून पाहायला सांगा. क्लचखालीही बऱ्याच गाड्यांत असाच स्विच असतो, सेल्फ न लागण्याचे मूळ कित्येकदा तिथे सापडते.

खोके उघडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे. वायरी अपुऱ्या असतील तर मेकॅनिकला तेवढ्याच जाडीचा तुकडा डाख देऊन जोडायला सांगा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पहिल्याच पावसात हिरवी पडू लागते. सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर तिथे गाठ होते आणि हँडल वळताना तीच पुन्हा घासते, म्हणून ते थोडे पुढेमागे घ्यावेत.