सार्वजनिक आरोग्य : इंजिनिअरचं तिथं काय काम?

'करिअर' हा विषय निघाला की हॉस्टेलवर दोनच चर्चा रंगतात. एक कॅम्पस इंटरव्ह्यूची आणि दुसरी एमपीएससीची. रात्री मेसचं जेवण झालं की कट्ट्यावर याच दोन विषयांचं दळण सुरू असतं. आज मी तिसरा विषय काढतोय. आणि तो मला सुचला एका काविळीमुळे!

मी पूर्वी ज्या वसतिगृहात राहत होतो तिथली ही गोष्ट. पावसाळा संपत आला होता. आधी एकाला ताप आला, मग दुसऱ्याला उलट्या, आणि बघता बघता निम्म्या मजल्याचे डोळे पिवळे! माझा रूममेट सेनगाव तालुक्यातला. त्याचे वडील आले, त्याला गावी घेऊन गेले. दवाखाना झाला, झाडपाल्याचं औषध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून काविळीची माळही घालून झाली. पोरगा बरा झाला, पण परीक्षा बुडाली ती बुडालीच. घरची चार एकर कोरडवाहू, त्यात कर्ज काढून भरलेली फी. एका सेमिस्टरची किंमत त्या घरात काय असते, हे मी तेव्हा पाहिलं.

डॉक्टरांनी पोरं बरी केली. पण नवे पेशंट येणं थांबवलं ते एका आरोग्यसेवकाने. तो वही घेऊन आला आणि प्रत्येकाला तेच ते प्रश्न विचारत बसला. कोणती खोली? कोणत्या नळाचं पाणी पिता? बाहेर कुठं खाता? पहिला त्रास कोणत्या तारखेला झाला? आम्हाला वाटलं, हा काय टाइमपास! पण संध्याकाळपर्यंत त्याच्या वहीत चित्र स्पष्ट झालं होतं. आजारी पोरं जवळजवळ सगळी एकाच टाकीवरची होती. पाइपलाइन उकरली तर ती गटाराखालून गेलेली, आणि सांध्याला चीर!

इथं आपलं इंजिनिअरिंग सुरू होतं. नळाला चोवीस तास पाणी असेल तर पाइपात दाब असतो. चीर असली तरी पाणी बाहेर गळतं, घाण आत येत नाही. पण आपल्याकडे पाणी येतं दिवसाआड, तासभर. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि बाहेरचं गटाराचं पाणी चिरेतून आत शिरतं. आणखी एक गोष्ट. दूषित पाण्यातून होणारी कावीळ लगेच दिसत नाही. विषाणू पोटात गेल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, लक्षणं येतात. म्हणजे आज डोळे पिवळे दिसले तर चूक महिन्याभरापूर्वीची असते. म्हणून त्या आरोग्यसेवकाने आम्हाला कालचं नाही, मागच्या महिन्याचं विचारलं होतं.

तर यालाच म्हणतात सार्वजनिक आरोग्य. डॉक्टर एका माणसाचा आजार बघतो; सार्वजनिक आरोग्यवाला अख्ख्या मजल्याचा, गावाचा, जिल्ह्याचा आजार बघतो. आजार झाल्यावर काय करायचं यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय करायचं, हा त्याचा प्रश्न.

या शास्त्राचा इतिहास वाचला तर जागोजागी इंजिनिअर भेटतात. 1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढून दाखवून दिलं, की साथीचं मूळ ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या पाण्यात आहे. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण नुसता नकाशा काढून शहर सुधारत नाही. पुढे जोसेफ बाझलगेट नावाच्या इंजिनिअरने लंडनच्या जमिनीखाली सांडपाण्याच्या प्रचंड वाहिन्या बांधल्या. 1866 मध्ये पुन्हा पटकी आली, ती मुख्यतः शहराच्या पूर्व भागात, जिथं त्या वाहिन्यांचं काम पूर्ण झालेलं नव्हतं!

लंडन लांब राहिलं, आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण घेऊ. खेड्यात बोअरवर जो हापसा दिसतो, त्याचं मूळ कुठलं माहीत आहे? जालना आणि सोलापूर! 1960 च्या दशकात बोअर तर पाडले जात होते, पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते टिकेनात. तेव्हा जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी पोलादी, दणकट पंप तयार केला. सोलापुरात त्याची आणखी सुधारणा झाली. त्याच धर्तीवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा हापसा आला आणि देशभर, नंतर देशाबाहेरही गेला. त्याचा सिमेंटचा ओटा नुसता शोभेचा नाही. सांडलेलं पाणी परत बोअरमध्ये मुरू नये म्हणून तो आहे.

नारूचंही तेच. आपल्या आजी-आजोबांना विचारा, पायातून धागा निघावा तशी अळी निघायची. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरला की अळीची पिल्लं पाण्यात जायची, तिथल्या बारीक किड्यांत वाढायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जायची. या रोगावर ना लस, ना खात्रीचं औषध. तरी फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कशाने? पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हापसे बसवून, पाणी गाळून पिण्याची सवय लावून आणि प्रत्येक रुग्ण शोधून. दवाखान्यापेक्षा पाना-पकड आणि घरोघरची पायपीट जास्त कामाला आली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याला यात स्कोप काय?

सिव्हिलवाल्यांचा तर हा घरचाच विषय. आजचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण मुळात सरकारचं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं होतं. 1979 मध्ये त्याचं मंडळ झालं आणि 1997 मध्ये सध्याचं नाव मिळालं. जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि नगरपालिकांचे पाणीपुरवठा विभाग इथंही अभियंते लागतात. 2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव नळयोजनांची कामं निघाली. पण योजना बांधणं सोपं, शेवटच्या नळाला क्लोरीन शिल्लक असलेलं पाणी देणं अवघड. तिथं डोकं लावणारा माणूस पाहिजे.

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनी साथरोग सर्वेक्षण बघावं. देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प 2004 मध्ये सुरू झाला. आता उपकेंद्रापासून माहिती ऑनलाइन भरली जाते. 2021 मधलं कोविनही आपण सगळ्यांनी वापरलंय. या आकड्यांतून 'अमुक गावात या आठवड्यात जुलाब नेहमीपेक्षा जास्त का?' हे वेळेत ओळखणं म्हणजेच त्या आरोग्यसेवकाची वही, फक्त मोठ्या प्रमाणावर.

इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी दवाखान्यांतली यंत्रं आहेत. मशीन आहे पण बंद आहे, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांच्या देखभालीसाठी 2015 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मेकॅनिकलवाल्यांसाठी शीतसाखळी आहे. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात लाइट गेलेली असताना आरोग्य केंद्रातला फ्रिज हे तापमान कसं टिकवतो, हा थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरातला नाही, बाळाच्या दंडातला प्रश्न आहे.

शिक्षण कुठं घ्यायचं? मुंबईला देवनारमध्ये दोन नामांकित संस्था एकमेकींजवळ आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि त्यासाठी डॉक्टरच असलं पाहिजे असं नाही. दुसरी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, 1956 पासूनची. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. गणित आणि संख्याशास्त्र आवडणाऱ्यांनी तिकडे जरूर बघावं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्रही या विषयात नावाजलेलं आहे. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, म्हणजे 'सितारा', 1985 पासून आहे. तिथं गावच्या पाण्यावर इंजिनिअरच काम करतात. गेट देऊन पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक करणं हाही सरळ रस्ता आहे. आणि नागपूरची 'नीरी' विसरू नका. 1958 मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी होतं. कुठंही अर्ज करण्याआधी पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. त्या बदलत असतात.

पदवीच्या आधीही करण्यासारखं बरंच आहे. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आपण गाव झाडून आणि पोवाडे म्हणून संपवतो. त्याऐवजी एका गावाच्या पाण्याची पाहणी करा. टाकी, व्हॉल्व्ह, गळती, आणि प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट. पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर टीसीएल पावडर टाकलीच नाही किंवा पोचली नाही. गावच्या पाण्याच्या स्रोताला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय, हे ग्रामपंचायतीत विचारा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन 2017 पासून होते, त्यात आरोग्याचे आणि पाण्याचे प्रश्न असतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमाची शिबिरं गडचिरोलीच्या शोधग्रामला होतात आणि डॉक्टरांबरोबर इंजिनिअरही तिथं जातात. इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशनसारख्या संघटनांची वार्षिक अधिवेशनं असतात. 7 एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन, 22 मार्चचा जल दिन हे नुसते फलक लिहिण्याचे दिवस न ठेवता त्या दिवशी एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याला कॉलेजवर बोलवता येईल.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव बघून यायलाही हरकत नाही. हिमायतनगर तालुक्यातलं हे गाव. प्रत्येक घराचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडून त्यांनी उघडी गटारंच बंद केली आणि डास हटवले. पुढे हाच प्रयोग जिल्हाभर नेला गेला. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शोषखड्ड्याने गटारातले डास जातात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, त्यासाठी रांजण आणि टाक्या आठवड्याला कोरड्या कराव्याच लागतात. एका उपायाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही या क्षेत्राचं शिक्षणच.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता लेख संपवला तर तुमची फसवणूक होईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याचशा जागा कंत्राटी आहेत. सेवेत कायम करा म्हणून 2023 मध्ये राज्यातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना संप करावा लागला होता. सुरुवातीचा पगार पुण्याच्या आयटी कंपनीसारखा असेलच असं नाही. शिवाय यात यश दिसत नाही. पूल बांधला तर फीत कापतात, पण न आलेल्या साथीचा सत्कार कोणी करत नाही. आणि दहावी-बारावीनंतर 'हमखास सरकारी नोकरी' म्हणून सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स विकणाऱ्यांच्या जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. फी भरण्याआधी संस्थेला मान्यता कोणाची आहे आणि ती कोणत्या भरतीत चालते, हे कागदावर बघा. ज्याच्या घरी फीचं कर्ज आहे त्याने तर दोनदा बघा.

तरीही मी या वाटेचा विचार करतोय. आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला 2024 साल उजाडलं. आता आलंय ही आनंदाचीच गोष्ट. तिथं कम्युनिटी मेडिसिनचा विभाग असणार, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्याचा अभ्यास होणार. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्याकडे जाऊन 'तुमची अडचण काय?' असं विचारायला कोणी अडवलंय? टाकीतलं क्लोरीन कमी झालं की ग्रामपंचायतीला मेसेज करणारं स्वस्त यंत्र, हा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणलेल्या लाइन फॉलोअर रोबोपेक्षा वाईट आहे का?

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, इंजिनिअर होऊन दवाखान्यात काय करणार?" मी म्हटलं, "दवाखान्यात नाही गं आई. लोकांना तिथं जायची पाळी येऊ नये, त्याच्यासाठी." तिला कितपत पटलं माहीत नाही. सेनगावच्या त्या मित्राला मात्र लगेच पटलं. तो एक वर्ष मागे राहिला, आता कुठंही राहायला गेला की आधी पाण्याची टाकी बघतो.

सगळ्यांनीच या क्षेत्रात यावं असं माझं म्हणणं नाही. ज्यांना कॅम्पसमधून जायचंय त्यांनी आनंदाने जावं. पण हा अंक वाचून झाला की पाच मिनिटं काढून आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर जा, आणि टाकीचं झाकण लागलंय का तेवढं बघून या.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी