जुन्या मोटारसायकलच्या गिअर-पेटीची पुनर्जोडणी

यंत्र उघडणे सोपे, पण ते पुन्हा जोडणे कठीण, हा कारागिरांचा नित्याचा अनुभव आहे. ज्या क्रमाने भाग काढले त्याच्या उलट क्रमाने ते बसविले की काम झाले, असा सर्वसामान्य समज असतो. गिअर-पेटीच्या बाबतीत हा समज अपुरा, प्रसंगी घातकही ठरतो. येथे जोडणीची प्रत्येक पायरी ही एक परीक्षाच असते. त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावाचून पुढील भागाला हात लावू नये. असे का, हे समजण्यासाठी प्रथम पेटीचे कार्य पाहू.

शक्तीचा मार्ग

उदाहरणादाखल आपल्या देशात सर्वत्र परिचित असलेली जुनी बुलेट मोटारसायकल घेऊ. मूळची इंग्लंडमधील रॉयल एन्फील्डची ही गाडी भारतात तयार करण्यासाठी १९५५ साली मद्रास येथे कंपनी स्थापन झाली. तिच्या ३४६ घन सेंटिमीटरच्या इंजिनामागे अल्बियन पद्धतीची चार गतींची स्वतंत्र पेटी बोल्टांनी जखडलेली असे. इंजिन व पेटी एकाच कवचात सामावणारी रचना या गाडीत २००९ च्या सुमारास आली. तथापि, जुन्या पेटीच्या पुष्कळ गाड्या आजही वापरात आहेत.

या पेटीत दोन समांतर दंड असतात. इंजिनाची शक्ती साखळी व क्लच यांच्याद्वारे मुख्य दंडावर येते. या दंडास मिस्त्री 'मेन शाफ्ट' म्हणतात. त्याच्या सोबतीचा दुसरा दंड म्हणजे 'ले-शाफ्ट'. मुख्य दंडाच्या एका टोकाभोवती नळीसारखे पोकळ असे एक दंतचक्र बसविलेले असते. त्यास 'स्लीव्ह गिअर' असे नाव आहे. मागील चाकाची साखळी ओढणारे स्प्रॉकेट याच चक्रावर घट्ट केलेले असते.

पहिल्या तीन गतींत शक्ती मुख्य दंडावरून ले-शाफ्टवर उतरते आणि तेथून परत स्लीव्ह गिअरवर येते. पहिल्या गतीत मुख्य दंडाचे सुमारे पावणेतीन फेरे होतात तेव्हा स्प्रॉकेटचा एक फेरा पूर्ण होतो. वेग घटतो, पण त्याच प्रमाणात ओढण्याचा जोर वाढतो. चौथ्या गतीत मात्र मुख्य दंड स्लीव्ह गिअरशी थेट जखडला जातो आणि दोन्ही समान वेगाने फिरतात. ले-शाफ्टवर त्या वेळी कोणताही भार नसतो. चक्रांच्या बाजूंवर जाड खुंट असतात. सरकणाऱ्या चक्राचे खुंट शेजारच्या चक्रात अडकले की ती गती लागते. चक्रास सरकविण्याचे काम एक फोर्क करतो.

सुटे भाग तपासणे

सर्व भाग रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत आणि भरपूर प्रकाशात निरखावेत. दातांवर खड्डे पडले असल्यास ते चक्र बदलावे. खुंटांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांच्या कडा गोलावल्या असतील, तर भार पडताच ते एकमेकांवरून घसरतात व चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटतो. बेअरिंग हातात धरून सावकाश फिरवावे. खरखर बोटांना जाणवते, ती डोळ्यांना दिसेलच असे नाही.

उष्णतेचे साहाय्य

बेअरिंग पेटीच्या छिद्रात घट्ट बसावे लागते. ते हातोडीने ठोकल्यास छिद्राची कड ओरबाडली जाते. येथे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम कामी येतो. पेटीचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. ६० मिलिमीटर व्यासाचे छिद्र असलेले असे कवच खोलीच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे सुमारे ७५ अंश सेल्सिअसने, तापविले, तर छिद्राचा व्यास जवळजवळ ०.१ मिलिमीटरने वाढतो. थंड बेअरिंग तेवढ्या अवकाशात अल्प दाबाने बसते आणि कवच निवले की घट्ट धरले जाते. तापविलेले कवच बेअरिंग बसविण्यापूर्वी पूर्ण कोरडे करणे अगत्याचे आहे. एकाच जागी ज्योत धरू नये, कारण त्यामुळे धातू वाकडा होण्याचा संभव असतो.

बुशचे महत्त्व

स्लीव्ह गिअर व त्यातून जाणारा मुख्य दंड यांच्यामध्ये बुश असतो. संपूर्ण पेटीतील हा सर्वांत लहान, परंतु सर्वांत जबाबदारीचा भाग म्हणता येईल. चौथी गती सोडल्यास दंड व स्लीव्ह गिअर यांचे वेग भिन्न असतात, आणि हा भेद बुशला सोसावा लागतो. तो फार सैल असेल, तर दंड डुलतो व त्यावरील क्लचही डुलतो. तो फार घट्ट बसविला किंवा कोरडा राहिला, तर तापून दंडाला चिकटतो.

चिकटल्यावर काय घडते? समजा, गाडी तिसऱ्या गतीत आहे. दातांच्या प्रमाणानुसार दंडाने स्लीव्ह गिअरपेक्षा अधिक वेगाने फिरावयास हवे. परंतु चिकटलेला बुश दोघांना समान वेगाने फिरण्यास भाग पाडतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे अशक्य असल्याने पेटी जागच्या जागी जखडते आणि मागील चाक थांबून घसरू लागते. स्वार साहजिकच क्लच दाबतो. पण क्लच इंजिनाला पेटीपासून तोडतो, पेटीला चाकापासून नव्हे. त्यामुळे त्याचा येथे काहीही उपयोग होत नाही. यास्तव बुश बसविल्यावर तेल लावलेला दंड त्यात बोटाने सहज फिरतो, पण डुलत नाही, याची खात्री करूनच पुढे जावे.

ढील व पॅकिंग

दोन्ही दंड, चक्रे व फोर्क बसविताना वॉशर ग्रीसने जागी चिकटवून ठेवावेत, म्हणजे ते निसटत नाहीत. झाकण लावल्यावर दंड लांबीच्या दिशेने किंचित हलला पाहिजे. या हालचालीस मिस्त्री 'प्ले' म्हणतात. ती मुळीच नसेल, तर तापून वाढलेल्या दंडास जागा उरत नाही. अधिक असेल, तर खुंट पुरते अडकत नाहीत. तेलाची गळती थांबावी म्हणून एकाऐवजी दोन कागदी पॅकिंग घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण ज्या झाकणात दंडाचा आधार असतो, त्याखाली जादा पॅकिंग घातल्यास झाकण तेवढे दूर जाते आणि ढील वाढते. गळती थांबते, पण गिअर सुटू लागतो.

अंतिम परीक्षा

पेटी गाडीवर चढविण्यापूर्वी मुख्य दंड व स्प्रॉकेट यांवर खडूने खूण करावी आणि एकेक गती लावून फेरे मोजावेत. दंड स्थिर असताना खुंट समोरासमोर येतीलच असे नाही. म्हणून दंड हाताने फिरवीत गिअर लावावा. पहिल्या गतीत सुमारे पावणेतीन फेरे, पुढील प्रत्येक गतीत त्याहून कमी, आणि चौथ्या गतीत बरोबर एक, असा हिशेब जुळला पाहिजे. न्यूट्रलमध्ये दंड फिरताना स्प्रॉकेट ओढले जाऊ नये. कोठेही अडखळ जाणवल्यास बळ न लावता पेटी पुन्हा उघडावी. शेवटी पायाने गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची पट्टी अशी जुळवावी की पेडल वर व खाली सारख्याच अंतरावर पकड घेईल. त्यानंतर ठरलेले वंगण भरावे.

उघडलेली पेटी पुन्हा उघडण्यात एक संध्याकाळ जाते. ती वाचविण्यासाठी शंका मनात ठेवून झाकण आवळणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की त्या शंकेचे उत्तर पुढे भर रस्त्यात मिळते, आणि ते बहुधा स्वतः कारागिराला नव्हे, तर गाडीवर बसलेल्या माणसाला मिळते.