दोन ध्वनिप्रवाहांच्या फाइलीची प्रत

पोथीची नक्कल करतांना लेखकानें संहिता तेवढी उतरून समासांतील टिपा सोडल्यास जी हानि होते, तीच हल्लीं चलच्चित्रांच्या प्रतींतून होऊं लागली आहे. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेकाठीं जात्यावरील ओव्या मुद्रित करतांना आम्हीं दोघी गाणाऱ्या बायांस दोन स्वतंत्र मायक्रोफोन लाविले. फाइल एक, ध्वनिप्रवाह दोन. तिची हलकी प्रत करून ती संपादनाच्या प्रणालींत घेतली, तों एकीचाच आवाज ऐकूं येई; दुसरीनें उचललेला चरण जागच्या जागीं मुका!

मूळ फाइल शाबूत होती. प्रत करण्याची आमची रीत चुकली होती. एमपी४, एमओव्ही अथवा एमकेव्ही फाइल म्हणजे एक बासनच होय. त्यांत अनेक ध्वनिप्रवाह राहूं शकतात. परंतु रूपांतराचें एफएफएमपेग हें साधन, स्पष्ट आज्ञा नसल्यास, सर्वांत अधिक वाहिन्यांचा एकच ध्वनिप्रवाह घेतें. वाहिन्या सारख्या असल्यास पहिला. 'मॅप' ही आज्ञा शून्य या अंकासह दिली म्हणजे सर्व प्रवाह उतरतात.

यास्तव प्रथम एफएफप्रोबकडून प्रवाहांची यादी काढावी, आणि संपादनाच्या पटावर तितकेच आले कीं नाहींत तें मोजावें. डाव्हिन्ची रिझॉल्व्हमध्यें क्लिपच्या गुणधर्मांत ध्वनीची मांडणी पाहतां व बदलतां येते. जतनाच्या प्रतींत दोन्ही आवाज मात्र एकत्र मिसळूं नयेत. कोणता चरण कोणीचा, हा पाठनिर्णय मग दुष्कर होतो.

आमच्या संग्रहांतील जुन्या प्रती आम्ही आतां मूळाशीं ताडून पाहत आहों. त्यांपैकीं दोहोंच्या मूळ फाइली, जागा वांचविण्यासाठीं, आम्हींच पुसून टाकिल्या होत्या.